भाड्याचा संगणक आणि गिऱ्हाइकाची वही

भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपना बिलाचे, मालसाठ्याचे प्रोग्राम लिहून देण्याचा धंदा पिंपळे गुरवच्या तरुणाला घरबसल्या करता येतो. त्यासाठी कर्ज काढून महागडा संगणक घेण्यापेक्षा क्लाउडवरचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कंपनीच्या मोठ्या यंत्रातला आपल्यापुरता वाटा, भाड्याने घ्यावा असे आम्ही सुचवू. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर सेवेचे केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे. यादीत त्याचे नाव ‘सेंट्रल इंडिया’ असे दिसते.

सुरुवातीला दोन कोर, ८ जीबी मेमरी आणि उबुंटू पुरे. पासवर्डऐवजी एसएसएच किल्ली वापरावी. २२ नंबरचा पोर्ट फक्त आपल्या इंटरनेट पत्त्यासाठी उघडा ठेवावा.

खरी मेख डिस्कमध्ये आहे. अ‍ॅझ्युअरच्या नेहमीच्या प्रीमियम एसएसडीत वेग आकारावर ठरतो. ६४ जीबीला सेकंदाला २४० वेळा वाचन-लेखन, १२८ जीबीला ५००, एक टीबीला ५०००. तेव्हा ‘प्रीमियम’ या नावावर भुलू नये. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई केंद्रात (सुरू २०१६) जीपी-३ जातीची डिस्क लहान असली तरी ३००० देते. दोन्हींचे दर ताडून पाहावेत.

याहून चपळ अशी एनव्हीएमई डिस्क काही मशीनच्या पोटातच असते. फसगत इथेच होते. अ‍ॅझ्युअरवर उबुंटूतून मशीन बंद केले तरी भाडे चालूच राहते. ते थांबवायला पोर्टलवरून ‘स्टॉप’ करावे लागते. आणि तसे केले की पोटातली डिस्क कोरी! भाडे वाचले, गिऱ्हाइकाची खातेवही गेली. ती वही आपल्याकडे अमानत आहे. ती कायमच्या डिस्कवरच ठेवावी, रोज दुसरीकडे नक्कल काढावी. चपळ डिस्कवर पुन्हा बनवता येतील अशाच फाइली असाव्यात.

कायमच्या डिस्कचे भाडे मात्र मशीन बंद असतानाही लागते. इशानंतर काम आटोपत असेल तर रात्री अकराचे ‘ऑटो-शटडाउन’ लावून टाकावे. बजेटची सूचनाही लावावी, पण ती नुसती कळवते, मशीन थांबवत नाही. बिल क्रेडिट कार्डावर जात असेल तर तारीख चुकवू नये. उशीर झाला की बँक व्याज लावते, आणि सूद आपल्याला द्यायचा नाही. काम संपल्यावर मशीन काढून टाकताना डिस्क मागे राहिली नाही ना, हेही पाहावे. तिचे बिल येतच राहते.