ती पुडी टाकू नकोस

येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव

चि. भाचीस,

फोटो मिळाले. मुकादमांच्या घरी चोरघंटेचं पॅनेल सरळ बसवलंस, वायरी पट्टीतून नेल्यास, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधलीस. आयटीआयमधून बाहेर पडल्यावरचं तुझं हे पहिलं स्वतंत्र काम, ते इतक्या नेटानं केलेलं बघून फार बरं वाटलं. पण खाली लिहिलं होतंस, ‘सगळं जोडून झालं, ही पुडी उरली, यातलं काही ओळखू येत नाही, बहुतेक जास्तीचं दिलंय.’ ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. पुडी टाकू नकोस. ओळख पटेपर्यंत त्यातलं काही कुठे खुपसूही नकोस.

आधी मोजून बघ. फोटोत रंगीत पट्ट्यांचे चार बारके भाग दिसतात आणि तुझं पॅनेल चार झोनचं आहे. हा योगायोग नाही. अनोळखी भाग हाती आला की तो कसा दिसतो यावर मी कधीच थांबत नाही. त्याचे किती नग आलेत, तो कशासोबत आलाय, त्याच्यावर काय छापलंय आणि मीटर काय सांगतो, ही सगळी उत्तरं जुळली तरच नाव घ्यायचं. नुसत्या रूपावर जाशील तर फसशील, कारण या धंद्यात सारख्या तोंडवळ्याचे भाग फार.

त्या चौघांवर पिवळी, जांभळी, लाल आणि शेवटी सोनेरी पट्टी आहे. पिवळी ४, जांभळी ७ आणि लाल म्हणजे पुढे दोन शून्यं, म्हणून ४७०० ओहम. दुकानात ‘चार पॉइंट सात के’ म्हण. सोनेरी पट्टी म्हणजे किंमत पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकते. पिवळ्या बल्बखाली लाल, नारिंगी आणि तपकिरी एकसारखे वाटतात, तेव्हा रंग उजेडात वाच आणि नंतर मीटरवर मोज. मोजताना दोन्ही पाय बोटांनी दाबून धरू नकोस, आपल्या अंगातूनही थोडा प्रवाह जातो आणि मोठ्या किमतीच्या रेझिस्टरचं मोजमाप त्यानं बिघडतं. बोर्डावर डकवलेला भाग मोजायचा तर त्याचा एक पाय सोडवून घे, नाहीतर शेजारच्या भागांचं माप त्यात मिसळतं.

हे रेझिस्टर प्रत्येक झोनच्या लूपच्या, म्हणजे पॅनेलपासून सेन्सरपर्यंत जाणाऱ्या वायरीच्या, शेवटी लावायचे असतात. ‘एंड ऑफ लाइन’ असं पॅनेलच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल, बघ. ते कशाला, हे नीट समजून घे, कारण सगळ्या कामाचा जीव त्यात आहे.

अमेरिकेत बोस्टनजवळ ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थानं १८५३ साली विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. त्यात दार उघडलं की सर्किट पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची. युक्ती मोठी होती, पण अशा जोडणीत वायर तुटली तर घंटा मुकी, आणि मुकी झाल्याचं कुणाला कळतही नाही. म्हणून पुढे उलटी रीत रूढ झाली. दार बंद असताना सर्किट चालू, दार उघडलं किंवा वायर कापली की सर्किट तुटतं आणि भोंगा वाजतो. यात कापलेली वायर सापडते. पण त्याच वायरीच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर? पॅनेलला सर्किट बंदच दिसतं. मग दार सताड उघडं राहिलं तरी त्याच्या लेखी सगळं ठीक.

तारा चिकटवायला चोरच लागतो असं समजू नकोस. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात उंदीर वायरीचं कव्हर कुरतडतात, कुणी फोटोची चौकट टांगायला खिळा ठोकतं आणि तो नेमका पट्टीतून आरपार जातो. शेवटच्या टोकाला ४.७ केचा रेझिस्टर असेल तर पॅनेल तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखतं. ४.७ के दिसलं तर सगळं जागेवर आहे, काहीच दिसलं नाही तर दार उघडलंय किंवा वायर तुटलीय, आणि शून्य दिसलं तर तारा चिकटल्यात.

आता खरी मेख. हा रेझिस्टर सेन्सरच्या डबीत, दूरच्या टोकाला, संपर्काच्या ओळीत बसवायचा. पुष्कळ जण शिडीवर पुन्हा चढायचा कंटाळा करतात आणि पॅनेलच्या पेटीतच स्क्रूखाली दाबून मोकळे होतात. दिवा हिरवा होतो, मालक खूश होतो आणि रेझिस्टरच्या पुढची सगळी वायर बिनपहाऱ्याची राहते. तिथे तारा चिकटल्या तरी पॅनेलला ४.७ केच दिसत राहणार. असं काम मी काम मानत नाही. मालकाला यातलं काही कळत नसतं, तो फक्त आपल्या शब्दावर निजतो. पॅनेलच्या पेटीत रेझिस्टर थेट लावायचा तो फक्त रिकाम्या झोनला, म्हणजे ते झोन उगाच ओरडत नाही.

किंमतही मनानं बदलू नकोस. कुणाचं पॅनेल १ के मागतं, कुणाचं २.२, कुणाचं ५.६. पुस्तिकेत असेल तेच. एखादा हरवला आणि बार्शीत मिळाला नाही तर मला कळव, पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवून देईन, पण जवळपासची किंमत चालवून घेऊ नकोस.

हालचाल ओळखणारा सेन्सर, पीआयआर, ‘खराब निघाला’ असं तू म्हणतेस. दुकानदाराकडे परत नेऊ नकोस, आधी हे ऐक. तू तो हातात घेऊन, झाकण काढून, वीज न देता मोजलास. बहुतेक पीआयआरमधला रिले वीज असतानाच संपर्क धरून ठेवतो. वीज नसली की सोडतो, म्हणजे सेन्सरची वायर कुणी तोडली तरी बोंब व्हावी. त्यामुळे वीज न देता मोजलास तर तो उघडाच दिसणार. आणि ‘टी’ लिहिलेले जे दोन स्क्रू तुला जास्तीचे वाटले तो टॅम्पर, झाकणाचा राखणदार. झाकण काढलं की त्याचं बारकं बटण सुटतं आणि तो उघडतो. म्हणजे झाकण काढून तपासणाऱ्याला चांगला टॅम्परही मेलेलाच दिसतो. १२ व्होल्ट दे, एखादं मिनिट स्थिर होऊ दे, झाकण बसव, मग मोज.

पीआयआरची चालून बघायची चाचणी सकाळच्या गारव्यात उरकू नकोस. तो माणसाच्या अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब यातला फरक पकडतो. येडाई देवीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखालच्या खोलीतली भिंत अंगाइतकी तापते आणि फरक उरत नाही. पालखी आमराईकडे निघते तेव्हा अर्धं गाव घराबाहेर असतं, म्हणजे सेन्सर मंद आणि घर रिकामं, दोन्ही एकाच वेळी. तेव्हा भर दुपारी चालून बघ. पत्र्याच्या खोलीत भरवसा दाराच्या मॅग्नेटवर जास्त ठेव.

दाराच्या सेन्सरमध्ये काचेची बारीक नळी असते आणि तिच्यात लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या. तिला रीड स्विच म्हणतात. बेल प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये तो घडवला. मॅग्नेट जवळ आला की पात्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. पाय वाकवताना काचेपासून लांब, पकडीत धरून वाकव, काच तडकली की तो गेला. मुकादमांचं पुढचं दार सागवानी आहे, तिथे साधा सेन्सर चालेल. मागचं लोखंडी आहे. लोखंड मॅग्नेटचा जोर स्वतःकडे ओढतं, म्हणून तिथे शटरसाठी मिळणारा जाड सेन्सर घे. लाकडी दारं पावसाळ्यात फुगतात, चैत्रात आकसतात, तेव्हा दोन तुकड्यांतलं अंतर अगदी काठावरचं ठेवू नकोस.

पुडीतला काळा, एका टोकाला करडी पट्टी असलेला भाग डायोड आहे. अंगावर १एन४००७ वाचता येतं. बाहेरून रिले जोडलास तर त्याच्या कॉइलवर आडवा लावायचा, करडी पट्टी प्लसकडे. उलटा लावलास तर पुरवठा शॉर्ट होईल. रिले वापरत नसशील तर त्याच पुडीत घालून पेटीत ठेवून दे.

आणि पॉवर बोर्डावरची निळी चकती, जिला तू कपॅसिटर म्हणालीस. वरचे आकडे वाच. १४डी४७१के लिहिलंय, म्हणजे तो व्हॅरिस्टर आहे. ४७ पुढे एक शून्य, ४७० व्होल्ट. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि लाइनमधून झटका आला की तो स्वतःवर घेतो. तशाच चकतीवर १०४ लिहिलेलं असतं तर तो कपॅसिटर, १० पुढे चार शून्यं, तेवढे पिकोफॅरड. आकडे वाचायची रीत एकच, पण मोजलेली गोष्ट निराळी. चांगला व्हॅरिस्टर साध्या मीटरवर उघडाच दिसतो, तेव्हा मीटरवरून त्याला पास करू नकोस. काळवंडलेला किंवा तडकलेला असेल तर बदल. त्याला हात लावण्याआधी एमसीबी खाली पाड आणि बॅटरीची वायरही काढ. १२ व्होल्टची बॅटरी निरुपद्रवी वाटते, पण ७ एएचच्या बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर भाजून निघशील.

मुकादम ऊसतोडीच्या हंगामात टोळी घेऊन कारखान्यावर गेले की त्या घराला कित्येक महिने कुलूप असतं. म्हणून पॅनेलच्या सिमचा रिचार्ज कोण करणार हे त्यांच्याकडून आत्ताच ठरवून घे. रिचार्ज संपला तर भोंगा वाजेल, पण फोन जाणार नाही.

आता एवढं कर. चारही झोनच्या वायरी पॅनेलपासून सोडव. रेझिस्टर सेन्सरच्या डबीत बसव, पीआयआरला वीज चालू ठेव. मग पॅनेलच्या टोकाला प्रत्येक जोडी मोज. दार बंद असताना ४.७ के आणि वायरीचे चार-दोन ओहम वर दिसले पाहिजेत. दार उघडल्यावर मीटरनं काहीच दाखवता कामा नये. हे आकडे चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटव, उद्या दुसरा कुणी दुरुस्तीला आला तर त्याला अंदाजानं काम करावं लागणार नाही. त्या चिठ्ठीचा फोटो मला पाठव. एखाद्या झोनचा आकडा विचित्र आला तर पट्टीचं झाकण बंद करू नकोस, रविवारी मी स्वतः येतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा