गड्डे खोदायची मशीन घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

मुरमात न चालणारी मशीन मुरमाच्याच मुलखात विकायची आणि बंद पडली की गिऱ्हाइकाच्या जमिनीला नावं ठेवायची, हे मी स्वतः सोसलं आहे. पैसे गेले, हंगाम गेला आणि वर ऐकून घ्यावं लागलं. म्हणून हे लिहितो आहे. मेळघाटात अर्थ ऑगर, म्हणजे आपली गड्डे खोदायची मशीन, घ्यायला निघालेल्या एकाचे जरी पैसे वाचले तरी पुरे.

माझं मागणं साधं होतं. धुऱ्यावर तारेच्या कुंपणाचे खांब आणि आत आंब्या-सीताफळाची कलमं. रानडुक्कर आणि रोही काय करतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. वावर बरड, उताराचं; वर वीतभर माती, खाली मुरूम, मध्ये गोटे. हे सगळं मी त्या दुकानदाराला सांगितलं होतं. मुरमाचं ढेकूळ पिशवीत घालून नेलं होतं आणि त्याच्या काउंटरवर ठेवलं होतं. दुकान सीमेपलीकडचं, मध्यप्रदेशातलं; आमच्या धारणीचा निम्मा बाजार तिकडूनच होतो. त्याने ढेकळाकडे पाहिलंसुद्धा नाही. मोबाइल पुढे केला. गोठलेल्या तळ्यावर एक माणूस उभा, आणि मशीन सरसर बर्फात उतरते आहे. "बर्फ में घुस जाती है, मिट्टी क्या चीज है?" मशीनवर मोठा स्टिकर होता, ६८ सीसी.

आता त्या बर्फाचं सांगतो, कारण हाच व्हिडिओ अनेकांना दाखवला जातो. कॅनडात, अमेरिकेच्या मिनेसोटात, फिनलंडमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. तिथले लोक ऑगरने भोक पाडून गळ टाकतात. इंजिन आपल्यासारखं असू शकतं, पण खाली फिरणारं, खोदणारं बिट वेगळं. त्याच्या तळाशी रंध्यासारखं धारदार पातं असतं आणि ते बर्फ सोलत जातं. बर्फात गोटा नसतो, सागाचं मूळ नसतं. मुरमाला सोलून चालत नाही, फोडावं लागतं. त्यासाठी बिटच्या मधोमध मजबूत टोक हवं आणि कडेला कार्बाइडचे, बोल्ट खोलून बदलता येणारे दात हवेत. माझ्या बिटला साधी वेल्डिंग केलेली पट्टी होती. वरच्या मातीत मशीन छान चालली. मुरूम लागला आणि बिट जागच्या जागी फिरू लागलं. वर काढलं तर पट्टीचा रंग उडून ती चकचकीत झालेली, आणि खाली भोकाचा तळ घोटल्यासारखा गुळगुळीत. जोर दिला की इंजिन घुसमटे, क्लचमधून जळका वास येई. शेवटी क्लच गेला आणि मागोमाग इंजिन जाम झालं.

दुकानदाराकडे गेलो. आदल्या खेपेला चहा मागवणारा माणूस बसासुद्धा म्हणाला नाही. आधी म्हणाला, तेल कमी टाकलं. पहिली टाकी त्याच्याच पोऱ्याने माझ्यासमोर भरली होती! त्यात टाकीवर छापलेलं २५ः१ आणि पुस्तिकेत ४०ः१. म्हणजे एका लिटर पेट्रोलला ४० मिली तेल टाकायचं की २५ मिली, हे त्याच्या मशीनलाच ठाऊक नव्हतं. ते दाखवलं तेव्हा गडी दुसऱ्या बाजूने आला, "मशीन में कोई खराबी नहीं, आपकी जमीन ही खराब है." दुकानात बाकीची गिऱ्हाइकं होती. माझ्या बापाने ज्या जमिनीवर घर चालवलं तिच्याबद्दल हे चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही.

खरी गोष्ट कळली ती धारणीतल्या मेस्त्रीकडे. त्याने इंजिन खोललं, सिलिंडर पुसला, व्हर्नियर लावला आणि कागदावर आकडे मांडले. सिलिंडरचा व्यास ४४ मिमी, पिस्टनची चाल ३४ मिमी. हिशोब केला तर ५१.७ सीसी. पुन्हा मोजलं, तेच. "भाऊ, हे तं बावन्नचं हाय. स्टिकर अडुसष्टचं लावलं." मी तो कागद हातात धरून बराच वेळ तसाच बसलो. तेल बरोबर होतं, जमीन बरोबर होती, मशीन चालवणारा हातही बरोबर होता. खोटा होता तो आकडा.

हे दुकानातच ताडता येतं. स्पार्क प्लग काढायचा, भोकात पातळ काडी सोडायची, दोरी हळू ओढायची आणि काडी सर्वांत वर व सर्वांत खाली जाते तिथे खुणा करायच्या. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पिस्टनची चाल. भोक तिरपं असलं तर मापात थोडा फरक पडेल, पण ३४च्या आसपास आलं की ६८ सीसीच्या दाव्यावर विश्वास ठेवू नका. दुकानदार प्लग काढू देत नसेल तर तिथून निघा.

दुसरं, बिलाचं. माझं बिल पक्कं आहे, जीएसटीचं आहे, पण त्यावर फक्त "अर्थ ऑगर, १ नग". मी सीसी लिहा म्हटलं तेव्हा "कम्प्यूटर में इतना ही आता है" असं उत्तर मिळालं. कम्प्युटरमध्ये येत नसेल तर पेनाने लिहून सही-शिक्का घ्या. सीसी, इंजिन नंबर, बिटचं माप, वॉरंटीची मुदत. अनुदानाच्या तोंडी आश्वासनावर मशीन उचलू नका. महाडीबीटीवर अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी असा क्रम आहे. तुम्हाला हवं ते यंत्र यादीत आहे का आणि त्याचा तपासणी अहवाल आहे का, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) विचारा.

बिट किती इंची घ्यायचं? खांबासाठी ६ किंवा ८ इंची भरपूर. १२ इंची बिट ६ इंचीच्या चौपट माती उचलतं, म्हणून हातातल्या छोट्या मशीनला ते पेलत नाही. फळझाडाला दोन-दोन फुटांचा चौकोनी खड्डा हवा असेल तर १२ इंची भोक म्हणजे त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. बाकीचं सब्बल आणि फावड्यानेच करावं लागतं. हे कोणी दुकानदार सांगत नाही. काळ्या जमिनीत वापसा असतानाच चालवा. ओल जास्त असली तर माती बिटला चिकटते, शिवाय भोकाच्या भिंती घोटल्या जातात आणि मुळं आतच गोल फिरतात. कलम लावण्याआधी त्या भिंती सब्बलीने खरवडा. ट्रॅक्टर जाईल असं वावर असेल तर ट्रॅक्टरवरचं ऑगर भाड्याने आणणं कधीही परवडतं. उतारावर मात्र तो इलाज नाही.

जिवाचंही सांगतो. बिट गोट्यात अडकलं की दांडाच उलटा फिरतो आणि मनगट पिरगाळतं. कोपरं अंगाशी ठेवा, बंद करायचं बटण अंगठ्याखाली असू द्या. गळ्यात दुपट्टा नको. अडकलेलं बिट इंजिन बंद करून पान्ह्याने उलटं फिरवून काढा. 

आणि मशीन तिथूनच घ्या जिथे क्लच आणि कार्बोरेटर मिळतो. घेण्याआधी तुमच्याच वावरात, सर्वांत वाईट कोपऱ्यात, दोन फूट भोक पाडून मागा. तयार नसेल तर दुसरा दुकानदार पाहा.

त्या दिवशी दुकानातून निघताना मी तक्रार करीन म्हणालो, तर माझा दुकानदार म्हणाला, "कर दो, हमारा मध्यप्रदेश है." त्याला कायदा ठाऊक नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. विक्रेता परराज्यातला असला तरी. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत २ वर्षांची. वकील लागतोच असं नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. माझी तक्रार अमरावतीला दाखल आहे, मेस्त्रीच्या सहीच्या कागदासकट.

तुमच्याकडेही अशी बंद पडलेली मशीन खोपटात पडली असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका. सिलिंडर, स्टिकर आणि बिल एकत्र बांधून ठेवा. पुरावा तोच आहे.