वर्गखोलीचा रंग : चुना की गेरू?

वर्गखोलीच्या भिंतींस कोणता रंग द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या खोलीस एकच लहान खिडकी आहे, तेथे पावसाळी दिवशी मागील ओळीतील मुलास फळ्यावरील अक्षर नीट दिसेल की नाही, हे पुष्कळ अंशी भिंतींवर अवलंबून असते. न दिसल्यामुळे मूल चुकीचे उतरवून घेते आणि आपण त्यास मंदबुद्धी समजतो.

चुना व गेरू हे आपल्याकडे सहज मिळणारे दोन रंग. त्यांचे गुण मात्र परस्परविरुद्ध आहेत. स्वच्छ पांढरा चुना आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ३/४ भाग परत फेकतो. गडद गेरू बहुतेक प्रकाश शोषून घेतो. गडद भिंत १/५ भाग परत देते असे धरू. खिडकीतील प्रकाश दोन भिंतींवर आपटून मागील ओळीत पोहोचला, तर चुन्याच्या खोलीत त्याचा ९/१६ भाग उरेल, गडद खोलीत केवळ १/२५. अपूर्णांकांच्या गुणाकाराचे हे उत्तम उदाहरण होय.

कृती : बुटांची दोन सारखी खोकी घ्यावीत. एकास आतून चुना व दुसऱ्यास गेरू लावावा. प्रत्येकाच्या लांब बाजूस, पुढील टोकाजवळ, सारख्याच मापाची लहान खिडकी कापावी. मागील टोकास आतून छापील अक्षरांची चिठ्ठी चिकटवावी. झाकण लावून पुढील टोकास पाडलेल्या छिद्रातून मुलांनी पाळीपाळीने पाहावे व फरक वहीत लिहावा.

तथापि गेरू सर्वस्वी त्याज्य नव्हे. मुले भिंतीस टेकतात. हातांचे व तेलाचे डाग चुन्यावर तत्काळ उठून दिसतात. म्हणून जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत गेरू व त्यावर छतापर्यंत चुना, ही योजना सोयीची. ज्या भिंतीवर थेट ऊन पडते, ती पांढरी असल्यास डोळे दिपतात. अशा भिंतीजवळ फळा ठेवू नये. चुन्यात थोडा डिंक मिसळल्यास तो अंगास लागत नाही.

सूचना : कळीचा चुना विरवताना पाणी उकळते व शिंतोड्यांनी डोळ्यांस गंभीर इजा होऊ शकते. हे काम विद्यार्थ्यांकडून कदापि करवून घेऊ नये.

रंग देण्यापूर्वी शिक्षकांनी एकदा मागील ओळीत, मुलाच्या जागी बसून फळा वाचून पाहावा.