शोधाचा हक्क आणि बाजारातील सत्ता

हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन लाभल्याने ते नाव अन्यत्रच्या मिरचीस लावण्यास मज्जाव झाला. हा हक्क पेडण्याच्या उत्पादकांचा सामुदायिक आहे. तो कोणा एकास विकता येत नाही. पेटंट मात्र वीस वर्षे एकाच धन्याच्या हाती राहू शकते. त्या बळावर त्याने वाटेल तो दर लावला तर?

स्पर्धा अधिनियम, २००२ चे कलम ३(५) अशा हक्काच्या रक्षणार्थ केवळ वाजवी अटींना मुभा देते. वर्चस्वाच्या दुरुपयोगाविषयीच्या कलम ४ मध्ये तेवढीही सवलत नाही. बीटी कापसाच्या बियाण्यावरील शुल्काबाबत स्पर्धा आयोगाने २०१६ साली महिको मोन्सॅन्टो कंपनीची चौकशी आदेशिली. डिचोलीच्या बागायतदारास कापूस परका खरा, पण बियाणे त्यालाही विकतच घ्यावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, पेटंटधारकाच्या अशा वर्तनाची चौकशी पेटंट अधिनियमाखालीच व्हावी, असा निर्णय दिला. आयोगाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळले.

आता मुख्य मार्ग उरतो तो सक्तीच्या परवान्याचा. मुंबईत पेटंट नियंत्रकांनी २०१२ साली तो एका कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीस दिला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांच्या आसपास आला.