मूत्रपिंड, मेंदू आणि मद्य

दारूने यकृत खराब होते हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी आम्ही येथे लिहीत नाही. मूत्रपिंड आणि मेंदू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे व त्यात दारू कोठे शिरते, याची माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आड, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. एकेकाचे वजन साधारण १५० ग्रॅम आणि एकेकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. २४ तासांत त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पाणी पुन्हा रक्तात घेतले जाते; लघवीवाटे जाते ते दीड लिटरच्या आसपास. मात्र किती पाणी परत घ्यायचे हे मूत्रपिंड एकटे ठरवीत नाही. मेंदूच्या तळाशी तयार होणारे व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक तो हुकूम देते. दारू मेंदूत पोहोचली की हे संप्रेरक कमी स्रवते, आणि हुकूमच न मिळाल्याने मूत्रपिंड पाणी सोडून देते. वारंवार लघवी होते, सकाळी तोंड कोरडे पडते.

बिअरने किडनी साफ होते, असे छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक वस्तीत भेटतात. लघवी जास्त झाली म्हणजे मूत्रपिंड साफ झाले असे नव्हे. शरीरातील पाणी घटले, इतकाच त्याचा अर्थ. त्यात डोके ठणकते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणली जाते. या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी होतो. पाणी कमी झालेल्या शरीराला हा दुसरा फटका. शिवाय नेहमीच्या मद्यपानाने रक्तदाब वाढतो, आणि मधुमेह व रक्तदाब हीच मूत्रपिंडे कायमची निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे आहेत. यात दुखत काहीच नाही, हे विशेष. मूत्रपिंडाचे निम्मे काम बंद पडेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिनसुद्धा पुष्कळदा वाढलेले दिसत नाही.

आता मेंदूकडे वळू. प्रथम तोल जातो, जीभ अडखळते, कारण लहान मेंदू मंदावतो. जास्त प्यायल्यास आठवण साठवणारा भाग बंद पडतो व रात्री काय घडले ते सकाळी खरोखरच आठवत नाही. परंतु वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे खरे नुकसान उपासमारीने होते. जेवण कमी, त्यात दारूमुळे आतड्यातून ब-१ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. याच्या अभावी डोळ्यांची बुबुळे नीट फिरत नाहीत, चालताना झोक जातो, भान राहत नाही. हे चित्र १८८१ मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी मांडले. १८८७ मध्ये रशियाचे सेर्गेई कोर्साकोव्ह यांनी स्मरणशक्तीच्या विकाराचे वर्णन केले. अशा रोग्याच्या नवे काही लक्षात राहत नाही आणि रिकाम्या जागा तो मनाने भरतो. घरचे म्हणतात, थापा मारतो. तो थापा मारीत नसतो. वेळेवर ब-१ चे इंजेक्शन मिळाले तर पुढचे पुष्कळ टळते.

येथे मूत्रपिंड पुन्हा मध्ये येते. मूत्रपिंडे बंद पडली की रक्तात साचलेल्या घाणीनेही माणूस गुंगतो, बरळतो, हात थरथरतात. तो पिणारा असेल तर सगळे म्हणतात, आज जास्त झाली, झोपू द्या. या समजुतीपायी उपचाराचे मोलाचे तास जातात. लघवी कमी झाली असेल, पायांवर सूज असेल, धाप लागत असेल तर झोपू देऊ नका, दवाखान्यात न्या.

विषारी दारूची गोष्ट वेगळी. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे दगावली, ती मिथेनॉलने. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते व ते डोळ्यांच्या नसा जाळते. दृष्टी धूसर होताच रुग्णालय गाठले तर डायलिसिसने हे विष रक्तातून काढता येते.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. जयंतीच्या किंवा धम्मदीक्षेच्या दिवशी पंचशील ग्रहण करून अनेक बांधव आजपासून बंद असे जाहीर करतात. निश्चय स्तुत्यच आहे. परंतु रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबविल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी थरकाप, घाम, ताप, भिंतीवर किडे दिसणे, मेलेल्या माणसांशी बोलणे असा प्रकार होतो. दारूने दडपून ठेवलेला मेंदू एकदम उसळतो, त्याचा हा परिणाम. घरचे त्याला बाहेरची बाधा समजून देवर्षीकडे नेतात, किंवा कोणीतरी पुन्हा थोडी पाजतो. उपचाराविना यात मृत्यू येऊ शकतो. उपचाराने तो बहुधा टळतो. तेव्हा शपथ देणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी त्या माणसाला डॉक्टरांकडे न्यावे. तेथे आठवडाभर उतरत्या मात्रेत शामक औषध देतात. साखरेचे सलाईन लावण्यापूर्वी किंवा त्याबरोबर ब-१ द्यावे लागते, म्हणून हा रोज पिणारा आहे हे न लाजता सांगावे. शेवटचा घोट केव्हा घेतला, रोज किती घेतो, कोणत्या गोळ्या खातो आणि काल लघवी किती वेळा झाली, हे कागदावर लिहून बरोबर न्यावे. रक्तदाब, क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने यांची तपासणी त्याच भेटीत करून घ्यावी.