मेगापिक्सेलच्या आकड्यापलीकडे

अनुभवी छायाचित्रकाराने डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याची पारख करताना मेगापिक्सेलच्या आकड्यावर फार विसंबू नये. निकॉनचे डी३०० (२००७) आणि डी७०० (२००८) हे कॅमेरे याचे उत्तम उदाहरण होत. पहिला १२.३ मेगापिक्सेलचा, दुसरा १२.१ चा, कागदावर पहिलाच किंचित सरस. प्रत्यक्षात डी३०० चा सेन्सर २३.६ × १५.८ मिलिमीटरचा, तर डी७०० चा ३६ × २३.९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे २.३ पट आहे. जवळपास तेवढेच बिंदू मोठ्या जागेत पसरल्याने प्रत्येकाच्या वाट्याला अधिक प्रकाश येतो. त्यामुळे नाट्यगृहातील मंद उजेडात डी७०० चे चित्र कमी दाणेदार उतरते.

पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्याचा हिशेब मात्र उलटा असतो. लहान सेन्सरमुळे ३०० मिलिमीटरची लेन्स डी३०० वर ४५० मिलिमीटरच्या लेन्सइतकी चौकट टिपते. शिवाय त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये जवळजवळ संपूर्ण चौकट दिसते. डी७०० मध्ये ९५ टक्केच. महागड्या कॅमेऱ्यात ही उणीव खटकतेच!

हे दोन्ही कॅमेरे आता वापरलेल्या स्थितीतच विकत घ्यावे लागतात. अशा वेळी बाह्य चकाकीपेक्षा शटर किती वेळा उघडले, हे आधी पाहावे. दोन्हींच्या शटरची चाचणी १,५०,००० उघडझापींपर्यंत झालेली आहे. लग्नसमारंभात दिवसाला १,००० छायाचित्रे घेणारा व्यावसायिक १५० दिवसांत तेथवर पोहोचतो. महिन्याला ५०० छायाचित्रे घेणाऱ्या हौशी माणसाला २५ वर्षे लागतात. विक्रेत्याकडून त्या कॅमेऱ्याने नुकत्याच घेतलेल्या छायाचित्राची मूळ फाइल मागून घ्यावी. तीत हा आकडा नोंदलेला असतो.