पेजर वाजला म्हणून हप्ता थांबत नाही

अमेरिकेतल्या अग्निशामकांपैकी साधारण दोन तृतीयांश बिनपगारी स्वयंसेवक आहेत. न्यू जर्सीत तर कित्येक गावांची रुग्णवाहिकाही असेच लोक चालवतात. गावच्या या रुग्णवाहिका पथकावर, म्हणजे स्क्वॉडवर, कॉलेजची मुलंही ड्युटी करतात, आणि मग घरात हिशेब सुरू होतो: एवढी सेवा केली तर सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होईल का?

नाही. अशा नुसत्या स्वयंसेवेबद्दल केंद्र सरकारच्या कर्जातला एक डॉलरही सुटत नाही.

2007च्या कायद्याने आलेली ‘पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस’ ही योजना नोकरदारांसाठी आहे. सरकारी किंवा 501-सी-3 (करमुक्त सेवाभावी) संस्थेत आठवड्याला सरासरी 30 तास पगारी काम आणि 120 पात्र हप्ते झाले की उरलेलं कर्ज माफ होतं, त्यावर केंद्राचा प्राप्तिकरही लागत नाही. हप्ते सलग असायची गरज नाही. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. स्क्वॉड बहुधा स्वतः 501-सी-3 असतं, सरकारी संकेतस्थळावर शोधलं तर पात्र म्हणून दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण संस्था पात्र असून भागत नाही, तुम्ही तिचे पगारी कर्मचारी असावे लागता. वर्षाअखेरीस डब्ल्यू-टू हा पगाराचा करदाखला हातात पडत नसेल, तर रात्री जागून काढलेले सगळे तास इथे शून्य. त्याच स्क्वॉडने दिवसपाळीला पगारावर घेतलं, तर ते तास धरले जातात. दुसऱ्या पात्र अर्धवेळ नोकरीचे तास त्यात मिळवून 30 भरले तरी चालतं.

आता आकडे. कर्ज 30,000 डॉलर, व्याज 5 टक्के. दहा वर्षांच्या ठरावीक योजनेत हप्ता सुमारे 318 डॉलर, एकूण भरणा 38,000च्या थोडा वर. या वाटेने गेलात तर 120 हप्ते होईपर्यंत कर्जच फिटलेलं असतं, माफ करायला काय उरणार? म्हणून हप्ता उत्पन्नावर बेतलेला हवा. एकटा माणूस, वर्षाला 45,000 डॉलर, आणि उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या 10 टक्क्यांच्या आयबीआर योजनेत बसणारा: हप्ता साधारण 180. दहा वर्षांत भरणा 21,600च्या आसपास, आणि जवळपास तेवढीच रक्कम माफ. पगार वाढेल तसा हप्ता वाढतो आणि माफी आटते, हे धरून चाला. 1 जुलै 2026पासून नवं कर्ज घेणाऱ्यांना आयबीआर मिळत नाही. त्यांच्यासाठी ‘रॅप’ ही नवी योजना आहे. याच उत्पन्नावर तिचा हप्ता 150 डॉलर येतो आणि तोही 120मध्ये मोजला जातो.

महाराष्ट्रात कर्जमाफी घोषणेने येते, इथे ती फॉर्मने येते. फॉर्म फुकट आहे. दरवर्षी, आणि नोकरी बदलताना न चुकता, मालकाची सही घेऊन तो भरून टाका. दहा वर्षांनी जुन्या मालकाला शोधत फिरणं जिवावर येतं. ‘आम्ही माफी मिळवून देतो’ म्हणत फी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खासगी बँकेच्या कर्जाला ही योजना लागूच नाही.

मग स्वयंसेवकाच्या पदरात काय पडतं? माझ्या मते, कर्ज फेडण्यापेक्षा ते कमी काढायला या सेवेचा उपयोग जास्त. न्यू जर्सीत ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) प्रशिक्षणाचा खर्च स्वयंसेवकांसाठी राज्याच्या निधीतून होतो. तो निधी वाहतुकीच्या दंडावरच्या छोट्या अधिभारातून उभा राहतो. स्वतःच्या खिशातून तोच कोर्स करायचा तर खर्च हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. शिवाय गाव योजनेत सामील असेल, तर काउंटी कॉलेजच्या फीत वर्षाला 600, चार वर्षांत जास्तीत जास्त 2,400 डॉलर सूट मिळते. बदल्यात चार वर्षं सेवा द्यायचं कबूल करावं लागतं, म्हणून सही करण्याआधी मुलगा दुसऱ्या राज्यात शिकायला जाणार नाही ना, ते बघा. स्क्वॉडने मानधन दिलं, तर सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे 50 डॉलरपर्यंतची रक्कम केंद्राच्या करातून सुटते. 2020च्या डिसेंबरमध्ये ही सवलत कायमची झाली.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना अमेरिकेचं सरकारी कर्ज मिळतच नाही, त्यामुळे यातली माफीही त्यांना नाही. पुण्या-मुंबईच्या बँकेतून काढलेल्या कर्जाला सवलत आहे ती भारतातल्या प्राप्तिकरातली: जुन्या करप्रणालीत, कर्ज ज्याच्या नावावर आहे आणि जो फेडतो त्याला, फक्त व्याजावर आणि जास्तीत जास्त आठ वर्षं. वडील नुसते जामीनदार असतील, तर हप्ते त्यांनी भरूनही ती त्यांना घेता येत नाही. तेव्हा कर्ज काढतानाच सहकर्जदार म्हणून कोणाचं नाव घालायचं, ते ठरवा.